पाण्यातला करंट

"तू सांग त्याले," अंबादास म्हणाला. "तुह्यं ऐकते तो."

मोटारीच्या खोलीमागे आम्ही तिघं उभे होतो. मे महिन्यातले सकाळचे दहा वाजले होते आणि भिंतीची सावली जेमतेम हात-दीड हात उरली होती. भिंतीला पाठ टेकवूनच बोलावं लागत होतं. तीसेक पावलांवर, मोहाच्या झाडाखाली, हिरामण धोटे बाजेवर बसला होता. डोक्यावर ओला दुपट्टा, उजव्या गालापासून गळ्यापर्यंत पांढरी पट्टी आणि नाकात नळी. तो आमच्याकडे पाहत नव्हता. विहिरीकडे पाहत होता.

"काय सांगू?" मी विचारलं.

"विहिरीत उतरू नको म्हण."

"कमरेपर्यंतच उतरतो म्हणते तो. पायऱ्यांवर बसणार, बस."

"कमरेपर्यंत काय अन् घोट्यापर्यंत काय." अंबादासनं आवाज खाली आणला. "गळून रायलं ना ते सारखं. मी डोळ्यानं पाह्यलं, आत्ता गाडीवरून उतरताना. माह्या घरचे लोक पाणी पेतात ह्या विहिरीचं. लेकरं पेतात. उद्या काही झालं तं?"

मधुकर बोबडे पन्नीत खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन तळहातावर अंगठ्यानं दाबत, फिरवत, लक्ष देऊन. हिरामणला दिसू नये म्हणून त्यानं पाठ तिकडे केली होती. घोटून झाल्यावर सवयीनं त्यानं पन्नी माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. मग तो ओशाळला आणि स्वतःची चिमूट गालात सारून म्हणाला, "अंबादासचं खरं हाय."

हे मी सांगतोय त्याला बावीस वर्षं झाली. आम्ही चौघंही तेव्हा चाळिशीच्या आसपास होतो. पैनगंगेच्या काठावरच्या एका छोट्या गावात आम्ही एका बाकावर शिकलो आणि पुढे तिथंच राहिलो. अंबादास वासेकरची शेती होती, मधुकरचं कापडाचं दुकान. हिरामण वीज मंडळात लाईनमन होता आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचो. दरवर्षी मे महिन्यात, शाळेचे निकाल लागले की, आम्ही एक अख्खा दिवस अंबादासच्या शेतात काढायचो. पायऱ्यांची जुनी विहीर होती. सकाळी पोहायचं, मग गोवऱ्यांच्या आगीत कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, आमरस. ऊन उतरेपर्यंत झाडाखाली पडून राहायचं. बायका-मुलं त्या दिवशी नसायची. चार माणसं, एक विहीर आणि आंबे. त्या दिवसासाठी मी वर्षभर थांबायचो.

त्या दिवसाचा राजा हिरामण असायचा. तो काठावरून उडी मारायचा तेव्हा पाणी वरच्या तिसऱ्या पायरीपर्यंत यायचं. पाण्यात बुडून कोणाचाही पाय ओढायचा. पोहून झाल्यावर चौघं ओल्या अंगानं पायरीवर बसायचो आणि एकच पन्नी फिरायची. ती पन्नी पहिल्यांदा आणली कोणी, मला आठवत नाही. मी नववीत असेन. पंचवीस वर्षं आम्ही चौघांनी एका पन्नीतून खाल्लं आणि आजार एकट्या हिरामणला झाला.

आधीच्या दिवाळीत त्याच्या गालात आतून गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं, जबड्याचं हाड काढलं. उन्हाळा लागेपर्यंत ते पुन्हा वाढलं. गालाला बाहेरून भोक पडलं आणि त्यातून लाळ गळायला लागली. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मंदावहिनीला सांगितलं, आता घरी न्या. हिरामणचं बोलणं इतकं फुटलेलं होतं की फक्त मंदावहिनीला आणि मला कळायचं. मी त्याचा सगळ्यात जवळचा मित्र होतो. गावात कोणीही हेच सांगितलं असतं. मी खर्रा सोडला तो त्याच्या तपासणीचा कागद पाहिला त्याच दिवशी. लोक म्हणायचे, मित्रासाठी सोडला. मी भीतीनं सोडला होता.

मे लागल्यावर हिरामण म्हणाला, दरवर्षीसारखं जायचं. त्याच्यापुढे नाही कोण म्हणणार? मी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून आणलं. येताना सगळ्या रस्त्यात वारा समोरून येत होता, तरी वास पुढे येत होता. तो वास कसा होता ते मी सांगू शकत नाही आणि सांगू नये. एवढंच की मी तोंडानं श्वास घेत होतो, आणि माझा जीव पुढच्या वळणावर, पुढच्या वळणावर असा चालला होता.

म्हणून मोटारीच्या खोलीमागे अंबादासनं ते सांगितलं तेव्हा मला राग यायला हवा होता. मी शिक्षक होतो, तेही विज्ञानाचा. हा आजार पाण्यातून पसरत नाही हे मला ठाऊक होतं. पट्टी वर कोरडी ठेवून कमरेपर्यंत बसलेल्या माणसामुळे एवढ्या मोठ्या विहिरीचं काही बिघडत नाही, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. माझ्या तोंडून ती दोन वाक्यं निघाली नाहीत. उलट मनातून बरं वाटलं की अंबादास बोलला. कारण हिरामण पाण्यात उतरला असता तर मलाही त्याच्याबरोबर उतरावं लागलं असतं. त्याला धरायला. त्याच पाण्यात.

"बरं," मी म्हणालो. "मी सांगतो."

"पण दुखवू नको त्याले," मधुकर म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. गालात खर्रा होता, त्यामुळे रडवेला चेहरा एका बाजूनं फुगलेला दिसत होता. मला त्याची शिसारी आली.

मी मोहाखाली गेलो. हिरामण आधीच उठून उभा होता. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून घेतली होती. पाय इतके बारीक झाले होते की मी नजर वर केली. वर पट्टी होती, मग बाजूला पाहिलं.

"चाल," तो म्हणाला. म्हणजे तसा काहीतरी आवाज आला.

"हिरामण, थांब जरा," मी म्हणालो. पुढचं मी आधी ठरवलं नव्हतं. ते आपोआप तोंडात आलं, आणि त्याच्याकडे न पाहता मी बोलून गेलो. "उतरता येत नाही म्हणते अंबादास. मोटारीचा करंट पाण्यात उतरून रायला. कालच त्याले झटका बसला."

माझ्या मागून अंबादास आणि मधुकर येऊन उभे राहिले होते. अंबादासनं माझ्याकडे चमकून पाहिलं. मग तोही म्हणाला, "हो ना. जोराचा बसला."

हिरामणनं आम्हा तिघांकडे पाहिलं. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून टेस्टर काढला. तो तीन महिन्यांपासून रजेवर होता, पण टेस्टर खिशात होताच. माझ्या खांद्यावर हात न ठेवता, एकटाच, तो विहिरीकडे निघाला. मी मागे गेलो. खोलीत फक्त स्टार्टर होता, मोटार विहिरीतल्या चौथ्या पायरीशेजारच्या कट्ट्यावर बसवलेली होती. एक एक पायरी पाय चाचपत तो उतरला. चौथ्या पायरीवर उकिडवा बसला. पाणी तिथून आणखी सहा-सात पायऱ्या खाली होतं, हिरवंगार, हलत नव्हतं. वरून एवढं ऊन आणि खाली तो गारवा. दरवर्षी याच जागी आम्ही कपडे काढून ठेवायचो.

त्यानं टेस्टर मोटारीच्या अंगाला लावला. एकदा, मग दुसऱ्या बाजूनं. वायर जिथं आत जाते तिथं लावला. मी वरच्या पायरीवरून पाहत होतो. त्याला एवढा वेळ का लागतोय ते मला कळेना. मग त्यानं टेस्टर खिशात ठेवला आणि तसाच बसून राहिला, पाण्याकडे पाहत. मी किती वेळ म्हणू? गोवऱ्यांना आग लागण्याइतका वेळ. वर धुराचा वास आला.

शेवटी तो उठला, वर आला, आणि माझ्याकडे पाहून काहीतरी बोलला. अंबादास आणि मधुकरला ते कळलं नाही. दोघं माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

"काय म्हणते?" अंबादासनं विचारलं.

मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. "म्हणते, करंट हाय. कोणीच उतरू नका."

"पाह्य," मधुकर म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी विहिरीत कोणीच उतरलं नाही. चौघंही मोहाखाली बसलो. रोडगे भाजले, राख झटकून फोडले, तुपात बुडवले. भाजी झणझणीत झाली होती. आम्ही जेवलो. हिरामण बाजूला बाजेवर बसला होता. मंदावहिनीनं डब्यात पातळ केलेला आमरस दिला होता. तो त्यानं स्वतःच मोठ्या सिरिंजनं नळीत ओतला, सावकाश, नळी उंच धरून. पिवळा रस नळीतून हळूहळू नाकाकडे उतरताना दिसत होता. मधुकरनं ताट उचललं आणि तोंड शेताकडे करून बसला. अंबादास खाली मान घालून रोडगा मोडत राहिला. मी पाहत होतो. पाहत राहणं हीच माझी मैत्री, असं काहीतरी मी स्वतःला सांगत होतो. घास मात्र तोंडातच फिरत होता, गिळवत नव्हता.

हिरामण बोलत होता. मागच्या वर्षीच्या गोष्टी. मधुकरची चड्डी विहिरीत कशी सुटली होती, ती काठीनं काढताना अंबादास कसा पडला होता. मी एकेक वाक्य दोघांना सांगत होतो आणि दोघं हसत होते. तोही हसायचा. हसलं की पट्टी भिजायची आणि तो दुपट्ट्यानं टिपायचा. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती मजेत बसलेत. आणि खोटं कशाला बोलू, मध्ये दहा-पंधरा मिनिटं मलाही मजा वाटली. मोहाच्या पानांतून झळ येत होती, लांब कोणाच्या तरी शेतात बैलाच्या घंटा वाजत होत्या, आणि हिरामण चड्डीची गोष्ट सांगत होता.

दोन वाजता तो थकला. मी गाडी काढायला गेलो तर अंबादास माझ्याबरोबर बांधापर्यंत आला. हिरामणसाठी पाण्याचा वेगळा ग्लास काढून ठेवला होता. दुपट्टा भिजवायला आणि तोंड पुसायला तो त्यातूनच पाणी घेत होता. तो ग्लास अंबादासनं दोन बोटांत धरून आणला होता. तो त्यानं बांधापलीकडच्या काट्यांत टाकला.

मग हसत म्हणाला, "तू बी भारी रे दिवाकर. लाईन कुठी होती सकाळी?"

"म्हणजे?"

"लाईन नऊले जाते. तीनले येते. आख्ख्या शिवारात करंट नाही." तो आणखी हसला. "अन् तो म्हणते करंट हाय. बिमारीनं डोकं बी गेलं त्याचं."

त्या वर्षी आमच्याकडे सकाळी नऊ ते दुपारी तीन भारनियमन होतं. शेतकऱ्याला ते माहीत होतं. घरी कूलर बंद पडायचा म्हणून मलाही माहीत होतं. आणि हिरामण तर तीन महिन्यांआधीपर्यंत स्वतःच्या हातानं तो खटका पाडत होता.

मी अंबादासकडे पाहिलं. त्याच्या दातांवर लाल थर होता, ओठाच्या कोपऱ्यात सुपारीचा कण. मला वाटलं, ह्याच्या तोंडावर थुंकावं. पण थुंकायचं तर सुरुवात कोणापासून करायची? मी गाडीला किक मारली.

परत येताना हिरामण मागे बसला. दरवेळी तो माझ्या पोटाशी हात घालून बसायचा, तसाच बसला. गाव जवळ आलं तेव्हा त्याचं डोकं माझ्या डाव्या खांद्यावर टेकलं, झोपेनं असेल. खांदा ओला झाला. आधी गरम, मग वाऱ्यानं गार. मी गाडी थांबवली नाही, खांदा हलवला नाही. पण मनात एकच होतं: घर, साबण, पाणी. त्याच्या दारात उतरवल्यावर मंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चहा घ्या." मी म्हणालो, पुन्हा येईन. घरी येऊन मोरीत सदरा काढला. धुतला नाही. काठीवर उचलून मागच्या उकिरड्यात टाकला. बायकोनं, कुसुमनं, पाहिलं.

त्यानंतर बारा दिवस मी त्याच्या घरी गेलो नाही. कारणं भरपूर होती. लग्नसराई होती, शाळेचे कागद होते. मामाच्या मुलीचं लग्न यवतमाळला होतं, तिथं एका दिवसाच्या जागी मी तीन दिवस राहिलो. पंगतीत पाहुणे जेवताना पाहून मला मळमळायचं. कुणाच्या हनुवटीवर रस ओघळला की उठून जावंसं वाटायचं. रोज सकाळी ठरवायचो, आज जाऊ. दुपारी म्हणायचो, ऊन फार आहे. माझ्या डोक्यात त्याचा चेहरा यायचा तो पट्टीचा यायचा नाही. मोटारीजवळ उकिडवा बसलेला, पाण्याकडे पाहणारा यायचा. त्याला तिथं इतका वेळ का लागला ते आता कळत होतं. करंट नाही हे टेस्टर लावायच्या आधीच त्याला माहीत होतं. वर येऊन काय सांगायचं, ते तो ठरवत होता.

तेराव्या दिवशी सकाळी मंदावहिनी शाळेच्या फाटकात उभ्या दिसल्या. मी शाळेचे कागद घेऊन बाहेर पडत होतो.

"भाऊजी, वेळ हाय का?" त्या म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, हेच मला जड गेलं. "माहे हात आता कापून रायले. पट्टी बदलवताना. काल अळ्या निघाल्या दोन. माह्या भावाले बोलावलं तं तो दारातूनच वापस गेला. ह्यायनं तुमचं नाव लिहून देलं."

"बोलत नाहीत?"

"आठ दिवस झाले. लिहूनच सांगते."

मी त्यांच्यामागे गेलो. मागची खोली, खिडकीला ओलं गोणपाट. हिरामण उशांना टेकून बसला होता. शेजारी वीजबिलाच्या कोऱ्या जुन्या फॉर्मचा गठ्ठा आणि पेन. मला पाहून त्यानं डोळ्यांनीच खुर्ची दाखवली. वहिनींनी तपेलीत उकळून गार केलेलं पाणी, कापूस, पट्ट्या, डॉक्टरांनी दिलेली पावडर आणून ठेवली, आणि त्या बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या.

मी पट्टीला हात लावण्याआधी म्हणालो, "हिरामण, त्या दिवशी लाईन नव्हती."

त्यानं पेन घेतलं. अक्षर चांगलं होतं त्याचं, नोंदवहीत लिहून लिहून घोटलेलं. त्यानं लिहिलं: नऊ ते तीन.

"मग काऊन सांगतलं, करंट हाय म्हणून?"

तो बराच वेळ लिहीत होता. कागद माझ्याकडे केला. "तुह्या तोंडाकडे पाह्यवत नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तं तू पाण्यात उतरला असता. रडत रडत. तसं पोवून काय मजा."

मी हात धुतले आणि पट्टी सोडायला घेतली.

मला वाटलं होतं, एकदा हात लावला की किळस जाईल. ऐकलं होतं तसं. माया असली की काही वाटत नाही म्हणतात. शेवटचा पदर चिकटलेला होता, तो पाण्यानं भिजवून सोडवला. आत जे होतं ते पाहिलं. मी पळत मागच्या अंगणात गेलो, पपईच्या झाडाखाली ओकलो. चूळ भरली. ओसरीवरून वहिनी पाहत होत्या, त्यांनी तोंड वळवलं. मी परत आत आलो.

हिरामणनं तोवर लिहून ठेवलं होतं. "नाक दाब."

मी म्हणालो, "दोन्ही हात लागतात ना लेका."

त्याच्या पोटात हसू हललं. त्यानं पुन्हा लिहिलं. "मलेबी येते. किळस. तू दाबू तरी शकते. माह्या नाकात नळी हाय."

ते वाचून मी खुर्चीत बसलो. सहा महिने आम्ही सगळे त्याच्यापासून लपवत होतो. तोंडानं श्वास घेत होतो, हसत होतो, खोट्या मोटारी चालवत होतो. आणि तो ज्या गोष्टीपासून एक पाऊलही लांब जाऊ शकत नव्हता, ती त्याला आमच्याइतकीच घाण वाटत होती. त्या खोलीत तिच्याविषयी त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं.

"लय घाण हाय," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. जोरात. मग डोळे मिटून गाल माझ्याकडे केला.

मी जखम पुसली. चिमट्यानं जे काढायचं ते काढलं. पावडर टाकली, नवी पट्टी बांधली. अर्धा तास लागला. निघताना वहिनींनी चहा दिला, तो मी त्या दिवशी घेतला. कपाची कड ओठाला लागताना अंगावर काटा आला, तरी घेतला.

त्यानंतर मी रोज गेलो. सकाळी आठला. किळस गेली नाही. एका दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओकलो. पण आता ती आम्हा दोघांत होती, लपवायची नव्हती. मी शिव्या द्यायचो, तो मान डोलवायचा. पाचव्या दिवशी त्यानं लिहिलं, मधुकर येऊन गेला, दारातूनच, आणि एवढा रडला की मंदालाच त्याला पाणी द्यावं लागलं. "पाणी पेला का त्यानं?" मी विचारलं. हिरामणनं लिहिलं, "नाही." आणि दोघंही हसलो. अंबादासनं आंब्याची पेटी पाठवली होती. ती वहिनींनी माझ्या गाडीला बांधून दिली. "ह्याले तं खाता येत नाही, मले जात नाही. लेकराइले न्या," म्हणाल्या.

दहाव्या दिवशी पट्टी बांधून झाल्यावर हिरामण बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा ताप वाढला होता, डोळे पिवळे झाले होते. त्यानं पेन मागितलं. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. लिहिलं: "उद्या सुट्टी."

"कायची सुट्टी?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं, मग त्या तपेलीकडे आणि कापसाकडे, आणि हातानं नको म्हणून दाखवलं. मग कागद परत घेतला आणि खाली आणखी दोन शब्द घातले. "आराम कर."

"खरंच?" मी विचारलं.

त्यानं मान डोलावली.

मी हट्ट करायला हवा होता. म्हणायला हवं होतं, सुट्टी कसली, मी येतो. पण मी म्हणालो, "बरं. परवा येतो." त्यानं हात वर केला, मीही केला, आणि गाडी काढली. रस्त्यानं मला इतकं हलकं वाटत होतं की मी शीळ घालत होतो. शाळेतल्या पोराला सुट्टी मिळावी तसं.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठलो. कुसुमनं अंबादासच्या पेटीतले आंबे पाण्यात टाकून ठेवले होते. मुलं आणि मी मागच्या अंगणात कडुलिंबाखाली बसलो. बादलीत हात घालून एकेक आंबा काढायचा, दाबून मऊ करायचा, चोखायचा. बाठ कोण लांब फेकतो याची पैज लागली. रस कोपरापर्यंत ओघळत होता. लहानीनं तिचा अर्धा चोखलेला आंबा माझ्या तोंडात दिला आणि मी तो खाल्ला, किळस न येता, किती महिन्यांनी. मग मुलांनी नळीनं एकमेकांवर पाणी उडवलं, माझ्यावरही. मी ओला होऊन ओरडलो, कुसुम हसली. दुपारी जेवलो नाही, आंब्यानंच पोट भरलं होतं. तीनला लाईन आली. कूलर सुरू केला आणि गार वाऱ्यात लोळलो. त्या सबंध उन्हाळ्यात, खरं तर त्या सबंध वर्षात, मी एवढा सुखात नव्हतो.

चार वाजता मंदावहिनींचा भाऊ दारात आला. बाहेरूनच म्हणाला, "सकाळीच गेले. नवाच्या आत. ताई म्हणे, भाऊजीले संध्याकाळपर्यंत सांगू नका, त्यायनंच तसं लिहून ठेवलं होतं. पण आता नेतो म्हणते, म्हणून आलो."

मी उठलो. हाताला आंब्याचा वास येत होता. मोरीत जाऊन साबण लावला, दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला. तो निघत नव्हता. तसाच गेलो आणि त्याला खांदा दिला.